डिंक काढा, पण नाणे घासू नका

शाळांच्या प्रदर्शनांत जुन्या नाण्यांचा एक तक्ता हमखास असतो. निळ्या किंवा गुलाबी कार्डशीटवर दहा-वीस नाणी सेलोटेपने नाहीतर फेविकॉलने चिकटवलेली आणि खाली स्केचपेनने लिहिलेली नावे. प्रदर्शन संपले की ही नाणी ओढून, उचकटून काढली जातात. नाण्यावर उरतो तो पिवळट, चिकट थर. तो घालवण्यासाठी चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांपैकी जे हाताशी असेल ते वापरण्यात येते. नाणे लखलखीत होते आणि मुलांना शाबासकी मिळते. या शाबासकीविरुद्ध मला बोलावयाचे आहे.

आपल्या हिंगोली भागापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न किरकोळ नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली गावात १९०३ पर्यंत हैदराबाद काँटिंजंट या फौजेची छावणीही होती. त्यामुळे येथे दोन रुपये माहीत होते, एक संस्थानाचा हाली आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. विसाव्या शतकात सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा भाव असे. आजही जुन्या घरांतील ट्रंकांत, देवघरातील डब्यांत हाली नाणी निघतात आणि नातवंडांच्या दप्तरातून ती शाळेत पोचतात. ही नाणी पुन्हा कोणी पाडणार नाही. जी आहेत तेवढीच आहेत.

हाली रुपया हातात आला तर त्याच्या मध्यभागी पाहा. तेथे चारमिनार आहे. चारमिनारच्या कमानीत एक अगदी लहानसे अक्षर कोरलेले दिसेल. ते ‘मीम’ असेल तर नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या वेळचे, आणि ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या वेळचे. उर्दू लिपी न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही पाच मिनिटांत ही दोन अक्षरे ओळखता येतात आणि नाण्याचा काळ सांगता येतो. आता गंमत अशी की टेपची पट्टी किंवा फेविकॉलचा ठिपका नाण्याच्या बरोबर मध्यावरच बसतो. म्हणजे सर्वांत जास्त घासले जाते ते हे अक्षर!

घासल्याने किती धातू जातो? उस्मान अली खान यांच्या सुरुवातीच्या हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. व्यास सुमारे ३ सेंटिमीटर धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ १४ चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येते. दोन्ही बाजूंवरून केवळ एक मायक्रोमीटर जाडीचा थर गेला, तर आकारमान होते ०.००१४ घन सेंटिमीटर. या मिश्रधातूची घनता सुमारे १०.२ आहे. गुणाकार केला की उत्तर येते, १४ मिलिग्रॅम. एक मायक्रोमीटर म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा पन्नासावा ते शंभरावा भाग. सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १० मिलिग्रॅमचा फरक कळतो, म्हणजे ही झीज मोजता येण्यासारखी आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील तांब्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, त्यांचे वजन करा. एक पट्टी राखेने दहा मिनिटे घासा, दुसरी रात्रभर ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा. दोन्ही धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. या प्रयोगासाठी जुने नाणे मात्र वापरू नका. तो प्रयोग नाण्यांवर गेली कित्येक वर्षे चालूच आहे.

मुळात डिंक नाण्याला चिकटतो कसा आणि ओढल्यावर मागे का राहतो, हे समजले की उपायही सापडतो. सेलोटेपचा चिकट थर हा खरे पाहता अतिशय दाट असा द्रव आहे. लांबलचक साखळ्यांचे रेणू असलेले ते एक बहुवारिक असते. पूर्वीच्या टेपमध्ये प्रामुख्याने रबर व राळ असे, आता पुष्कळदा ॲक्रिलिक असते. बोटाने दाबल्यावर हा द्रव नाण्याच्या बारीकसारीक खाचांत शिरतो आणि धातूच्या इतका जवळ येतो की रेणूंमधील आकर्षण कामाला लागते. डिंक आणि धातू यांच्यातील आकर्षणाला आसंजन म्हणतात, तर डिंकाच्या रेणूंच्या आपापसांतील आकर्षणाला संसक्ती. टेप ओढताना यांपैकी जे दुबळे असेल ते तुटते. टेप नवी असताना डिंकाची संसक्ती पुरेशी असते आणि टेप स्वच्छ निघते. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो तक्ता भिंतीला टेकवून ठेवला, की डिंक मऊ होऊन अक्षरांच्या कोपऱ्यांत वाहतो. हवेतील ऑक्सिजनने त्याच्या साखळ्या तुटतात, तो पिवळा पडतो. आता त्याची संसक्ती आसंजनापेक्षा कमी झालेली असते. ओढल्यावर वरची पट्टी हातात येते आणि डिंक नाण्यावर राहतो. अमेरिकेतील ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९३० साली पारदर्शक सेलोफेनची टेप तयार केली ती वस्तू बांधण्यासाठी, जोडण्यासाठी. वर्षानुवर्षे जपण्याच्या वस्तूला ती लावणे हा तिचा दुरुपयोगच होय.

याचा अर्थ असा की आपले भांडण डिंकाशी आहे, धातूशी नाही. तेव्हा डिंकावर परिणाम करील आणि धातूला हातही लावणार नाही असा पदार्थ शोधला पाहिजे. असा पदार्थ म्हणजे योग्य द्रावक. समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात हा नियम तुम्ही रसायनशास्त्रात वाचला आहे. पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे, म्हणून बाभळीचा डिंक आणि कणकेची खळ पाण्यात सुटतात. लाख पाण्याला दाद देत नाही, ती स्पिरिटमध्ये विरघळते. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाळल्यानंतरही पाण्यात फुगून मऊ होतो. उरलासुरला ॲसिटोनमध्ये सुटतो. टेपचा डिंकही ॲसिटोनमध्ये विरघळतो किंवा निदान फुगून सैल होतो. झटकन चिकटणारे फेविक्विक हटवादी असते, पण काही तास ॲसिटोनमध्ये राहिले की तेही हार खाते. अराल्डाइटसारख्या गोंदात साखळ्यांचे जाळेच विणले गेलेले असते, ते कशातच नीट विरघळत नाही. तेथे घरगुती खटाटोप करू नये.

लिंबू आणि चिंच यांचे नेमके उलटे आहे. त्यांतील सायट्रिक व टार्टारिक आम्लांना टेपच्या डिंकाशी काही देणेघेणे नसते. ती आम्ले तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवतात. तांब्याच्या नाण्यावर अनेक दशकांत तयार झालेला तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याच्याच धातूचे हवेशी संयोग पावून झालेले ते कवच आहे आणि खालच्या तांब्याला ते बऱ्याच अंशी संरक्षण देते. आम्लाने ते निघाले की खालून गुलाबी, उघडे तांबे बाहेर येते आणि थोड्याच दिवसांत डागाळते. हाली रुपया चांदीचा असला तरी त्यात अठरा टक्क्यांच्या आसपास तांबे आहे; आम्ल पृष्ठभागावरील तांब्याची ऑक्साइडे ओढून नेते आणि नाणे चुन्यासारखे निस्तेज पांढरे दिसू लागते. आणि डिंक? तो बहुतेक वेळा तेथेच असतो. म्हणून मग राख येते. राखेत व रांगोळीत सिलिकेचे कण असतात, ते चांदीपेक्षा व तांब्यापेक्षा पुष्कळ कठीण. डिंक निघतो खरा, पण चारमिनारच्या कमानीसकट.

काही शिक्षक म्हणतात, “नाणे चकचकीत नसेल तर मुले बघतच नाहीत.” हे मला पटत नाही. मुलांच्या हाती भिंग द्या आणि कमानीतले अक्षर शोधायला सांगा. काळपट नाण्याभोवतीही गर्दी होते. दुसऱ्या बाजूला काही संग्राहक म्हणतात की जुन्या नाण्याला कधीही काहीही लावू नये, डिंकही तसाच ठेवावा. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण हेही टोकच झाले. डिंकावर धूळ बसते, धूळ ओलावा धरते आणि त्याखाली धातू एका जागी जास्त गंजतो. पांढऱ्या गोंदातून कालांतराने थोडे ॲसेटिक आम्लही बाहेर पडते. डिंक हा नाण्याच्या इतिहासाचा भाग नव्हे, तो आपण लावलेला आहे. तो काढणे आपले कर्तव्यच आहे.

काढण्याची रीत फार अवघड नाही, मात्र घाई चालत नाही. आधी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि वजन लिहून ठेवावे. नाणे नेहमी कडेने धरावे. घामातील क्षाराने तांब्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. पहिला प्रयत्न पाण्याचा, पण आपल्या बोअरच्या दुष्फेन पाण्याचा नव्हे. त्यातील क्षार व क्लोराइड नाण्यावर डाग सोडतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते ते ऊर्ध्वपातित पाणी स्वस्त आहे. त्यात काही तास नाणे ठेवावे. डिंक किंवा गोंद असेल तर एवढ्यानेच सुटेल. नाणे टिपकागदावर पूर्ण वाळू द्यावे, पुसू नये.

टेपचा डिंक असेल तर ॲसिटोन लागेल. येथे विद्यार्थ्यांना बजावून सांगतो की हे काम शिक्षकांच्या समोरच करावयाचे, घरी एकट्याने नाही. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याचे बाष्प उणे २० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते. आपल्याकडील उन्हाळ्याची तर गोष्टच सोडा. त्याचा रेणुभार ५८, हवेचा सरासरी २९, म्हणजे बाष्प हवेच्या दुप्पट जड. ते वर न जाता जमिनीलगत, टेबलावरून खाली वाहत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. म्हणून जागा व्हरांड्यातली, वाहत्या हवेची. जवळपास स्पिरिटचा दिवा, गॅस, उदबत्ती काही नको. भांडे काचेचे व झाकणाचे हवे. प्लास्टिकचे का नको हे पाहावयाचे असेल तर पॅकिंगमधल्या थर्मोकोलच्या तुकड्यावर ॲसिटोनचे चार थेंब टाका. डोळ्यांदेखत खड्डा पडेल.

नाणे बुडेल इतकाच, वीस-तीस मिलिलिटर ॲसिटोन पुरे. झाकण लावून तास दोन तास, गरज पडल्यास रात्रभर ठेवावे. डिंक फुगला की कापसाचा बोळा त्यावर हलकेच लोळवावा. घासणे आणि लोळवणे यांत फरक आहे. खाचेत काही अडकले असेल तर दात कोरायच्या लाकडी काडीचे टोक भिजवून मऊ करावे आणि फक्त डिंकाला लावावे. धातूचा चिमटा वापरायचा तर त्याच्या टोकांना दोरा गुंडाळावा. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात: नाणे ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवून काढले पाहिजे. पहिल्या ॲसिटोनमध्ये डिंक विरघळलेला असतो. तसेच वाळू दिले तर ॲसिटोन उडून जातो आणि डिंकाचा पातळ पापुद्रा साऱ्या नाण्यावर पसरतो. वापरलेला ॲसिटोन मोरीत ओतू नये, उघड्यावर सावलीत, मुलांच्या हाताबाहेर उडून जाऊ द्यावा.

ॲसिटोनऐवजी हाताशी असलेल्या वस्तू वापरण्याचा मोह होतो. नखांचे रंग काढायच्या द्रवात तेल, रंग, सुगंध मिसळलेले असतात. रंगाच्या दुकानातील थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते. २०२० पासून घरोघरी आलेल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असले तरी बरोबर ग्लिसरीन, दाटपणा आणणारे पदार्थ आणि कधी हायड्रोजन पेरॉक्साइडही असते. निलगिरीचे तेल टेपचा डिंक चांगला सोडवते हे खरे, पण ते स्वतःचा थर मागे ठेवते, म्हणजे पुन्हा ॲसिटोन आलाच. खोबरेल तेलाचेही तेच. वर तेलातील मेदाम्ले तांब्याशी संयोग पावून हिरवा, चिकट साबण तयार करतात. देवघरातील पैशांवर जो हिरवट लेप दिसतो त्यात पुष्कळदा हाच असतो.

काही नाण्यांना मात्र आपण हात लावूच नये. गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतील किंवा डाग देऊन कडी बसवलेले नाणे दागिना म्हणूनच राहू द्यावे. त्याहून महत्त्वाची सातवाहनांची नाणी. पैठण, तेर या मराठवाड्यातल्या जुन्या नगरांच्या परिसरात शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रणाची नाणी मिळाली आहेत. शिसे ॲसेटिक आम्लाच्या नुसत्या वाफेनेही पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होऊ लागते. अशा नाण्याला व्हिनेगर लावणे दूरच, लाकडी पेटीत किंवा पांढऱ्या गोंदाच्या सान्निध्यात ठेवणेही घातक. आणि शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती धुवायचीही नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. जतनाचे काम तज्ज्ञांचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेत असे काम चालते.

न घासलेल्या नाण्याने काय सांगता येते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, सुमारे १३,२५० नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नव्या छापाखाली नहपानाचा चेहरा आणि त्याची अक्षरे पुसट, अर्धवट दिसत होती. सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, याचा फार मोठा पुरावा तो पुसटपणा होय. ज्याला ती नाणी सापडली त्याने ती रांगोळीने घासून ‘स्वच्छ’ केली असती, तर वरची चिन्हे कदाचित उरली असती. खालचा चेहरा उरला नसता.

डिंक काढल्यावर नाणे ठेवायचे कोठे? बाजारातील मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम पुष्कळदा पीव्हीसीचे असतात. त्यातील मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येऊन नाण्यावर चिकट थर धरतो आणि प्लास्टिक जुने होताना हायड्रोक्लोरिक आम्लही सुटते. टेप न लावताही नाणे हिरवे, चिकट होते ते असे. प्लास्टिक पीव्हीसीचे आहे काय, हे ओळखण्याची बाइलस्टाइन यांची परीक्षा दहावीच्या वर्गात करून दाखवता येईल. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, ती प्लास्टिकला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. धूर अपायकारक असतो, तेव्हा तुकडा अगदी लहान घ्यावा, खिडकी उघडी असावी आणि ॲसिटोनची बाटली अर्थातच दुसऱ्या खोलीत.

प्रदर्शनाचा तक्ता करायचाच असेल तर पुठ्ठ्याला नाण्याच्या आकाराची भोके पाडावीत आणि पुढून-मागून पॉलिएस्टरचा पारदर्शक पत्रा लावून कडा टाचाव्यात. डिंकाचा थेंबही लागत नाही आणि नाण्याच्या दोन्ही बाजू दिसतात. शाळेत नाण्यांचा जुना तक्ता टेपसकट कपाटात पडलेला असेल, तर तो या उन्हाळ्यापूर्वी खाली काढावा. टेप ओढू नये, नाण्याभोवतीचा कागद कात्रीने कापून नाणे कागदासकट ॲसिटोनमध्ये सोडावे. रंगीत कार्डशीटचा रंग ॲसिटोनमध्ये उतरण्याची शक्यता असते, म्हणून कागद सुटल्याबरोबर द्रावक बदलावा. आणि तक्त्यावरची नावे, नाणे कोणी दिले त्याची नोंद, आधी वहीत पेन्सिलने उतरवून घ्यावी, कारण स्केचपेनची शाई या द्रावकात सर्वांत आधी जाते.